नदीचे आत्मवृत्त आणि पुराव्याचा प्रश्न

१

शालेय निबंध ही मराठी भाषकांनी सर्वाधिक संख्येने लिहिलेली आणि मराठी समीक्षेने सर्वाधिक उपेक्षिलेली संहिता आहे. कविता लिहिणारे थोडे, कादंबरी लिहिणारे त्याहून थोडे. निबंध मात्र शाळेत गेलेल्या प्रत्येकाने लिहिलेला असतो. भाषेचा सत्याशी काय संबंध असतो, ह्याविषयीची पहिली आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटची धारणा ह्याच लेखनातून घडते. असे असूनही हा प्रश्न अध्यापनशास्त्राचा आहे असे म्हणून तो बाजूला सारण्याची सोय समीक्षेने करून घेतली आहे. ही सोय यापुढे नाकारली पाहिजे. पुराव्याविना लिहिण्याची जी सवय पुढे संशोधनप्रबंधांत, वृत्तपत्रांत आणि व्यासपीठांवर दिसते व जिच्याविषयी समीक्षक हळहळतात, तिचे मूळ इयत्ता सातवीच्या वहीत आहे.

'नदीचे आत्मवृत्त' हा सर्वपरिचित विषय घ्यावा. ही नदी डोंगराच्या कुशीत जन्मते, अवखळ बालिकेप्रमाणे बागडते, शेते फुलवते, माणसाच्या कृतघ्नतेने व्यथित होते आणि अखेरीस सागराला मिळते. तिला नाव नसते. असले तरी ते बदलल्याने निबंधात काही बिघडत नाही. तिच्या काठी गाव असते, पण त्या गावात कोणी राहत नाही. तिच्याविषयीचे कोणतेही विधान खोटे ठरू शकत नाही, कारण ते कशाविषयीच केलेले नसते.

हाच निबंध नवी मुंबईतील वर्गात लिहिला जातो तेव्हा त्यातील विसंगती उघडी पडते. ह्या शहराच्या दक्षिण भागात, पनवेल तालुक्यात, उलवे नावाची नदी आहे. विमानतळाच्या उभारणीसाठी तिचा प्रवाह वळवण्यात आला, उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापण्यात आली आणि परिसरातील वस्त्या उठवून अन्यत्र वसवण्यात आल्या. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली प्रकल्पास मंजुरी दिली. तीपूर्वी अहवाल झाले, आक्षेप घेतले गेले, अटी घातल्या गेल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. म्हणजे एका नदीचे वृत्त मुलांच्या डोळ्यांदेखत, तारीखवार घडले. त्याचे कागद आहेत, नकाशे आहेत, पाहणारी माणसे हयात आहेत. वहीतील नदी मात्र अद्याप बागडतेच आहे.

२

शालेय निबंधाचे समर्थन करणारे त्याला मराठी परंपरेचा आधार देतात. ह्या परंपरेचा आधार खरोखर घ्यायचा असेल तर ती आधी तपासली पाहिजे.

मराठीतील विद्यार्थिलिखित निबंधांपैकी ज्याची नोंद इतिहासाने घेतली असा एक आरंभीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेतील सुमारे चौदा वर्षांची विद्यार्थिनी; विषय मांग-महारांच्या दुःखाचा. ह्या निबंधाचे गोडवे पुष्कळ गायले जातात. त्याची रचना मात्र क्वचितच पाहिली जाते. वेद केवळ आपले आहेत हे ब्राह्मणांचे म्हणणे मुक्ता प्रथम गृहीत धरते आणि त्यातूनच, मग वेद ज्यांचे नाहीत त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न काढते. प्रतिपक्षाचे विधान हाच तिचा पहिला पुरावा. त्यानंतर ती पेशवाईतील अत्याचारांच्या ऐकीव आठवणींकडे वळते, आणि पुढे बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर छप्परही नसते ह्या प्रत्यक्ष वस्तुस्थितीकडे. प्रतिपक्षाचे वचन, समाजाची स्मृती आणि स्वतःचे निरीक्षण हे तीन प्रकारचे आधार चौदा वर्षांची मुलगी एका युक्तिवादात गुंफते. आज 'लहान मुलांना पुरावा पेलवत नाही' असे म्हणणाऱ्यांनी प्रथम ह्या निबंधाचे काय करायचे ते ठरवावे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली. प्रतिपक्षाची मते पुढे मांडून त्यांचे खंडन करणे ही तिची रीत होती. ह्या खंडनात अनेकदा उपहासाने पुराव्याची जागा घेतली, आणि फुल्यांच्या बाबतीत तर आशयाला उत्तर देण्याऐवजी व्याकरणाची थट्टा झाली, हे खरे. परंतु हा दोष दाखवता येतो तो निबंध कशाविषयी तरी, कोणाच्या तरी विरुद्ध लिहिलेला आहे म्हणूनच. ताराबाई शिंदे ह्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली निघाली, तिला निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याचे आणि त्यावर वृत्तपत्रांतून उठलेल्या गदारोळाचे. स्त्रीजातीवर सरसकट ठेवलेला आरोप एक वाचक वृत्तपत्रात वाचते आणि त्याला उलट प्रश्न करते, ह्या क्रियेतून ते पुस्तक जन्मले. एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंध हा असा वादाच्या व पुराव्याच्या भूमीवर उभा होता.

पुढे काय झाले? १९२०नंतरच्या दशकात ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर ह्यांच्या हातून लघुनिबंध रुजला. त्याचे केंद्र विषयात नव्हते, लेखकाच्या व्यक्तिमत्त्वात होते. गप्पांचा सूर, लहर, आठवण ही त्याची सामग्री. वाङ्मयप्रकार म्हणून त्याचे मोल येथे नाकारायचे नाही. परंतु शाळेने ह्या प्रकाराचा सूर उचलला आणि व्यक्तिमत्त्व वगळले. चिपळूणकरी निबंधातून तिने भारदस्त शब्द घेतले आणि प्रतिपक्ष वगळला. उरले ते एकाचा आवाज आणि दुसऱ्याचा पोशाख ह्यांचे मिश्रण: ज्यात 'मी' आहे पण कोणी व्यक्ती नाही, ठाम मते आहेत पण कोणाशी वाद नाही. शालेय निबंध हा मराठी निबंधपरंपरेचा वारस आहे, हे म्हणणे ह्या कारणास्तव टिकत नाही.

३

ह्यावर असे सांगितले जाईल की, जुना निबंध आता गेला. पाठ्यक्रमात 'उपयोजित लेखन' आले. पत्र, बातमी, जाहिरात, सारांश असे व्यवहारोपयोगी प्रकार मुले लिहू लागली. हा बदल हेतूने चांगला आहे, आणि त्यातील सारांशलेखन तर विशेष स्वागतार्ह. कारण तेथे विद्यार्थ्यासमोर दुसऱ्याचा मजकूर असतो आणि त्याच्याशी इमान राखावे लागते. परंतु बातमीलेखनाचा प्रश्न पाहिला म्हणजे जुनीच खोड नव्या नावाने कशी टिकून राहिली आहे ते कळते.

एखाद्या विद्यालयात एखादा दिन साजरा झाला, अशी एक ओळ दिली जाते आणि तिची बातमी करायला सांगितले जाते. विद्यार्थी काय करतो? तारीख ठरवतो, प्रमुख पाहुण्यांचे नाव बेततो, त्यांच्या तोंडी दोन उद्बोधक वाक्ये घालतो, उपस्थितांची संख्या लिहितो आणि 'आमच्या वार्ताहराकडून' अशी सही ठोकतो. परीक्षक आराखडा तपासून गुण देतो. न घडलेल्या घटनेचे, न बोललेल्या माणसाचे, न पाहिलेल्या साक्षीदाराने केलेले हे वृत्त. कथेत काल्पनिक घटना लिहिणे हा लेखकाचा अधिकार आहे. बातमीत ती लिहिणे ह्याला व्यवहारात दुसरे नाव आहे. जो प्रकार केवळ पुराव्याच्या बळावर उभा असतो, त्याचेच शिक्षण पुरावा बेतण्याच्या सरावातून दिले जाते, आणि ह्याची खंत शिक्षणक्षेत्रात किंवा साहित्यक्षेत्रात कोणाला वाटत नाही.

ह्यावर उपाय अवघड नाही. त्याच प्रश्नपत्रिकेत दोन छोटी निवेदने, एक कार्यक्रमपत्रिका आणि एका उपस्थिताचे म्हणणे छापावे. ह्यांपैकी दोहोंत एखादी विसंगती ठेवावी आणि मग बातमी मागावी. विसंगती ज्याच्या ध्यानात आली आणि ज्याने ती लपवली नाही, त्याला अधिक गुण द्यावेत. असे केले की, शब्दांची आरास करणारा आणि वाचून लिहिणारा ह्यांतील फरक परीक्षेलाही दिसू लागेल.

४

पुराव्याच्या आग्रहाविरुद्ध तीन आक्षेप नेहमी घेतले जातात.

पहिला आक्षेप कल्पनाशक्तीचा. पुराव्याचे जोखड मुलांच्या मानेवर ठेवले तर त्यांची प्रतिभा खुंटेल, असे म्हटले जाते. हा आक्षेप मराठीत घेतला जावा हे आश्चर्य आहे. कारण ह्याच भाषेत इरावती कर्वे ह्यांचे 'युगान्त' १९६७ साली प्रसिद्ध झाले. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतील महाभारताचा आधार, संहितेत काय आहे आणि आपला तर्क कोणता ह्यांतील भेदाचे भान, आणि त्या भानातूनच उभी राहिलेली कुंती, गांधारी, द्रौपदी: त्या पुस्तकात पुराव्याने कल्पनेला कोंडले नाही, तिला उभे राहायला जमीन दिली. खरे पाहता कल्पनाशक्ती खुंटते ती नाव नसलेल्या नदीवर. उलवे नदीचे आत्मवृत्त लिहायला सांगितलेल्या मुलाला मात्र विचार करावा लागतो: प्रवाह वळवला त्या वर्षी नदीला काय दिसले असेल? तिच्या मुखाशी मासे धरणाऱ्या माणसांचे काय झाले? टेकडी गेल्यावर पावसाचे पाणी कोठून उतरले? हे प्रश्न कल्पनेचेच आहेत. फक्त त्यांची उत्तरे चुकू शकतात. आणि जे चुकू शकते तेच लिहिण्याजोगे असते.

दुसरा आक्षेप वयाचा. संदर्भ, तळटीपा, सूची हे सर्व पदव्युत्तर वर्गात शिकवायचे. लहान मुलांना ते कशाला? ह्या आक्षेपात पुरावा आणि पुराव्याची छपाई ह्यांची गल्लत आहे. तळटीप कशी छापावी हे पुढे शिकता येईल. विधानाला आधार लागतो हे पुढे शिकता येत नाही. आणि हे शिकवण्याची साधने मराठीने परभाषेतून आणण्याची गरज नाही. 'पाणी आले', 'पाणी आले म्हणे', 'पाणी आलेले दिसते', 'पाणी आले असावे', 'पाणी आले असणार': ही पाच वाक्ये मराठी मूल शाळेत येण्यापूर्वीपासून ऐकत असते. पहिल्यात बोलणारा स्वतः हमी घेतो. दुसऱ्यात ऐकीव बातमी दुसऱ्याच्या पदरात टाकतो. तिसऱ्यात खुणेवरून बोलतो. चौथ्यात शक्यता वर्तवतो. पाचव्यात तर्काने खात्री देतो. ज्ञानाचा स्रोत आणि खात्रीची मात्रा सांगणारी एवढी बारीक व्यवस्था जिच्या रोजच्या बोलण्यात आहे, त्या भाषेचा शालेय निबंध मात्र सर्व विधाने 'आहे' ह्या एकाच क्रियापदावर संपवतो. घरी जे मूल 'म्हणे' लावून सावध बोलते, तेच वर्गात बेधडक लिहू लागते. शाळा येथे काही शिकवत नाही. येत असलेले विसरायला लावते. पुराव्याचे शिक्षण द्यायचे तर एक शब्द पुरेसा आहे, आणि तो प्रत्येक आजीच्या तोंडी असतो: 'कशावरून?' वहीच्या समासात 'छान', 'सुंदर अक्षर' असे शेरे मारण्याऐवजी हा एक शब्द लिहिला गेला तरी वर्षभरात निबंधाची जात बदलेल.

तिसरा आक्षेप साधनांचा: मराठीत मुलांना वाचता येतील असे स्रोत कोठे आहेत? ह्यात तथ्य आहे, परंतु अर्धेच. मराठी विश्वकोशाचे खंड १९७६पासून निघाले आणि आज ते घरबसल्या वाचता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्रोत म्हणजे ग्रंथ एवढीच कल्पना चुकीची आहे. सातबाराचा उतारा, भूसंपादनाची नोटीस, ग्रामपंचायतीचा ठराव, रेल्वे स्थानकावरील कोनशिला, स्मारकावरील नावे, घरातील वृद्धांचे कथन ही सर्व साधने मराठीत आहेत. मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करण्यासाठी वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांतील दप्तरे धुंडाळत हिंडले. त्या खटाटोपाचा गौरव करणारा धडा वाचायचा आणि स्वतःच्या घरातील ट्रंकेत काय आहे ते पाहायचे नाही, हा गौरव पोकळ आहे.

५

नवी मुंबईच्या वर्गात हे कसे घडू शकेल, ह्याचा विचार एका वाक्यापासून करता येईल. 'आमची नवी मुंबई हे नियोजनबद्ध वसवलेले सुंदर शहर आहे' हे वाक्य 'माझे शहर' ह्या निबंधात हटकून येते. त्याच्या समासात 'कशावरून?' लिहिले की पुढची वाट आपोआप उघडते.

नियोजन कोणी केले? १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना 'मार्ग' ह्या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ साली विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात वीस लाख लोकवस्तीचे शहर कल्पिले होते. येथपर्यंत विद्यार्थ्याचे वाक्य टिकते. परंतु 'वसवलेले' हा शब्द टिकत नाही. कारण तेथे आधीच पंचाण्णव गावे वसलेली होती. आगरी, कोळी, कराडी लोकांची मिठागरे होती, भाताची खाचरे होती, समुद्राचे पाणी अडवणारे बांध आणि उघाड्या होत्या. 'सुंदर' हा शब्द कोणाच्या दृष्टीने, हाही प्रश्न मग उभा राहतो. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना ह्या संघर्षातून पुढे आली. 'साडेबारा टक्के' हा शब्दप्रयोग गावठाणातील मुलाला पाढ्यांआधी ऐकून माहीत असतो. नव्या इमारतीत राहणाऱ्या त्याच्या वर्गमित्राला तो मुळीच माहीत नसतो. दोघेही एकच निबंध लिहितात. आपापल्या घरातील पुरावा बाहेर ठेवून वर्गात येण्याची जी सक्ती शाळा करते, तिच्यामुळेच हे शक्य होते.

येथे शिकवायची पद्धत साधी आहे. एका वर्गाने एक विधान निवडावे. त्यासाठी एक लिखित व एक मौखिक असे दोन आधार शोधावेत. जे वाचले ते आधी स्वतःच्या शब्दांत आणि मग नेमके दोन-तीन शब्द अवतरणात, असे दोन वेळा लिहावे, म्हणजे आपले काय आणि दुसऱ्याचे काय ह्याची सीमा हाताला कळते. वृद्धांशी बोलताना प्रत्येक विधानापुढे 'पाहिले' की 'ऐकले' एवढे नोंदवावे. दोन आधारांत विरोध आढळला तर तो मिटवू नये. तो मांडून, आपल्याला कोणता अधिक ग्राह्य वाटतो आणि का, हे एका वाक्यात सांगावे. असा शंभर शब्दांचा परिच्छेद चारशे शब्दांच्या निबंधापेक्षा अधिक शिकवतो.

मात्र ह्याच ठिकाणी दुसऱ्या टोकाचा धोकाही ओळखला पाहिजे. पुरावा म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे सत्य, असे शिकवले तर एका अंधश्रद्धेच्या जागी दुसरी येईल. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८२ साली आणि कुलाब्याचे १८८३ साली निघाले. खाडीकाठच्या जाती, शेती आणि मीठ ह्यांविषयी त्यांत विपुल माहिती आहे, परंतु ती महसूल गोळा करणाऱ्या वसाहती सत्तेच्या नजरेतून आलेली आहे. आराखडा हा आराखडा करणाऱ्याचा पुरावा आहे, जमीन गमावणाऱ्याचा नव्हे. आजोबांचे कथनही स्मृतीने घासलेले असते. कागदाला जो प्रश्न विचारायचा तोच आजोबांना, आणि आजोबांना जो आदर द्यायचा तोच कागदाला, ही समबुद्धी अंगी येणे म्हणजे पुराव्याचे शिक्षण. जून २०२१मध्ये विमानतळाच्या नावावरून भूमिपुत्रांनी बेलापूरच्या सिडको भवनावर मोर्चा नेला, तेव्हा दि. बा. पाटील हे नाव शहरभर दुमदुमले. त्या नावामागे काय आहे ह्यावर चार आधारयुक्त वाक्ये लिहू शकणारे विद्यार्थी शहरात किती तयार झाले, हा प्रश्न नावाच्या वादापेक्षा अधिक काळ टिकणारा आहे.

६

ह्या सर्वांत मराठीचा प्रश्न गुंतलेला आहे. नवी मुंबईत आंतरराष्ट्रीय अभ्यासमंडळांच्या शाळा आहेत. तेथे प्रकल्पाला संदर्भसूची जोडावी लागते, पण ती इंग्रजीत. २०२०च्या कायद्याने त्याही शाळांत मराठी सक्तीची झाली. तेच मूल इंग्रजीच्या तासाला आधार देऊन लिहिते आणि मराठीच्या तासाला बागडणाऱ्या नदीकडे परतते. त्यातून ते जो धडा घेते तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नाही: सिद्ध करायची भाषा इंग्रजी, गहिवरायची भाषा मराठी. मराठीच्या ऱ्हासाविषयी भाषणे करणाऱ्यांना हा श्रमविभाग दिसत नाही, कारण त्यांची भाषणेही गहिवराच्याच जातीची असतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. त्यामागे रंगनाथ पठारे समितीचा अहवाल होता; नाणेघाटातील लेख, 'गाथासप्तशती', शिलालेख, ग्रंथ असा पुरावा त्यात मांडलेला होता. मराठीचे प्राचीनत्व अभिमानाच्या जोरावर नव्हे, 'कशावरून?' ह्या प्रश्नाला उत्तर देऊन मान्य करून घ्यावे लागले. त्यानंतर शाळाशाळांतून 'अभिजात माय मराठी' ह्या विषयावर निबंधस्पर्धा होऊ शकतात. त्यांत एकाही शिलालेखाचे नाव न घेता बक्षीस मिळू शकते. अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख रायगड जिल्ह्यातच आहे. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद झाले आहेत. नववीच्या वर्गाला वाद, वाचन आणि पुरावा ह्यांचा परिचय करून द्यायला ह्याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

विद्यापीठीय मराठी विभागांनीही ह्यात आपण निर्दोष असल्याचा आव आणू नये. संदर्भसूचीची पाने मोजणारे परीक्षक सूचीतील ग्रंथ प्रबंधात कोठे आणि कशासाठी आला आहे हे पाहात नाहीत, आणि पुराव्याच्या नावाखाली थोरांच्या मतांची उतरंड रचली जाते. असे संशोधक शाळेत शिक्षक होतात आणि वर्तुळ पूर्ण होते. आता तर बागडणारी नदी काही क्षणांत, निर्दोष व्याकरणासह, लिहून देणारी यंत्रे विद्यार्थ्याच्या खिशात आली आहेत. मागितल्यास ती अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे दाखलेही देतात. ह्या यंत्रांवर बंदी घालण्याचे ठराव होतील. परंतु जो निबंध यंत्राला इतक्या सहज लिहिता येतो, तो माणसाच्या मुलाकडून एवढी वर्षे का लिहून घेतला, हा प्रश्न कोणताही ठराव पुसू शकणार नाही. दाखला दिला की तो उघडून पाहायचा, ही सवय ज्याला लागली आहे त्याला यंत्र फसवू शकत नाही. ज्याला लागलेली नाही त्याला फसवायला यंत्राचीही गरज नाही.

तेव्हा शालेय निबंधाची सुधारणा हा पाठ्यक्रम समित्यांवर सोपवून मोकळे होण्याचा विषय नाही. प्रत्येक विधानाचा धनी कोण, हे विचारणे हेच समीक्षेचे मूळ कार्य आहे. ते कार्य सातवीच्या वहीपाशी सुरू होत नसेल, तर विद्यापीठाच्या व्यासपीठावर ते सुरू झाल्याचा दावा कशावरून करायचा?